व्हिएन्नातील एक बरोबरी

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला असे कानी येताच, दोघांनीही जोखीम टाळून कंटाळ्यापोटी तह केला असावा, अशी आपली समजूत होते. ती समूळ दूर करील असा एक डाव 1872 साली व्हिएन्ना येथे कार्ल हॅम्पे व फिलिप माइट्नर यांच्यात झाला. हॅम्पे हे सरकारी अंमलदार. माइट्नर हे वकील, आणि पुढे पदार्थविज्ञानात कीर्ती पावलेल्या लिझे माइट्नर यांचे वडील.

घरी पट असल्यास तो मांडून घ्यावा. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरे सरकल्यावर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या हॅम्पे यांनी, राजाकडचा घोडा काढण्याचा प्रघात सोडून, वजिराकडचा घोडा पुढे आणला. या प्रारंभाला व्हिएन्नाचेच नाव आहे, आणि त्याच्या व्यासंगात हॅम्पे अग्रणी होते. काळा उंट बाहेर येताच हॅम्पे यांनी तोच घोडा पटाच्या कडेला नेऊन त्या उंटावर मारा धरला. सावध खेळाडूने उंट मागे घेतला असता. माइट्नर यांनी मात्र त्याच उंटाने राजाजवळचे प्यादे मारून शह दिला आणि उंटाचा बळी दिला.

येथून पांढऱ्या राजाची विलक्षण यात्रा सुरू होते. काळ्या वजिराच्या शहांनी तो आपल्या फौजेपासून दूर ओढला जातो. नवव्या चालीस माइट्नर प्रत्यक्ष वजीरच अर्पण करतात, पाठोपाठ घोडा देतात, आणि अखेरीस हा राजा एकाकी शत्रूच्या मुलखात, सहाव्या ओळीत येऊन ठेपतो. माइट्नर यांच्यापाशी तेव्हा दोन हत्ती, एक उंट व प्यादीच उरलेली असतात.

सोळाव्या चालीस त्या उंटाने राजाला शह दिला, तेथे क्षणभर थांबावे. उंट निराधार आहे. राजाने तो मारावा असे कोणालाही वाटेल. पण मारला, तर काळा राजा शांतपणे एक घर पुढे येतो. पांढऱ्या वजिराने शह दिला तरी तो आणखी एक घर सरकतो, आणि मग दूरच्या हत्तीची मात कशानेही चुकत नाही. माइट्नर यांच्या औदार्याची वाहवा सर्वांनीच केली आहे. मला मात्र हॅम्पे यांचा संयम अधिक थोर वाटतो, कारण वजिरापर्यंत सर्व काही स्वीकारल्यावर हा शेवटचा उंट त्यांनी नाकारला, राजा तिरपा मागे घेतला, आणि पुढच्या शहाला आणखी मागे न हटता तो पुन्हा त्याच घरी आणला. मागे हटते, तर उंट व प्यादे मिळून त्यांच्यावर मात करते. उंट पुन्हा शह देतो, राजा पुन्हा सरकतो. अठराव्या चालीस दोघांनी बरोबरी मान्य केली.