शंभर तासांची गोष्ट अर्धवट का राहते?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत यंदा व्हिडिओ गेमचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. या सभागृहात दोन प्रकारचे श्रोते बसले आहेत असे आम्ही धरून चालतो. काहींनी हे खेळ स्वतः कधी खेळलेले नाहीत, पण मुलाला किंवा नातवाला खेळताना पाहिले आहे. काही जण आमच्यासारखे आहेत. नोकरी-संसार आटोपून रात्री तासभर खेळणारे, आणि अर्धवट राहिलेल्या खेळांची लांबलचक यादी बाळगणारे. पहिल्यांची तक्रार ठरलेली असते: "एवढे पैसे घालून घेतला, महिनाभर खेळला आणि टाकून दिला. एक गोष्ट तडीस नेईल तर शपथ!" दुसऱ्यांना तेच स्वतःबद्दल वाटत असते. आमचे म्हणणे असे की यात स्वभावाचा दोष थोडा आणि खेळाच्या घडणीचा भाग मोठा आहे. ती घडण समजून घेतली, तर असा खेळ पुरा करणे सोपे होते आणि सोडायचा झाल्यास मनाला न खाता सोडताही येतो.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात आपण कथेतले एक पात्र होतो, त्याच्या वतीने निर्णय घेतो आणि ते पात्र हळूहळू अनुभवाने, शस्त्रांनी, विद्येने वाढत जाते. याचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसत, एक जण गोष्ट चालवी आणि बाकीचे आपापली पात्रे वठवीत. या खेळाला शेवट असलाच पाहिजे असे नव्हते. मित्र जमत राहिले की गोष्ट चालू राही. पुढे तो संगणकावर आला, कादंबरीसारखी सुरुवात, मध्य आणि शेवट त्याला मिळाला, पण कितीही लांबवता येण्याची जुनी सवय राहिली. आणि टेबलाभोवतीचे मित्र मात्र गेले. खेळणारा एकटा उरला. आमच्या मते निम्मे उत्तर इथेच आहे.

एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ च्या मे महिन्यात 'द विचर ३: वाइल्ड हंट' हा खेळ आणला. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतली पात्रे त्यात आहेत. नायक गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा भटका माणूस. सिरी ही त्याने मुलीसारखी वाढवलेली तरुणी. तिच्या मागावर वैरी आहेत आणि गेराल्ट तिला शोधतो आहे. एवढेच कथेचे सूत्र. परंतु मूळ कथा पुरी करायला सुमारे ५० तास लागतात आणि आजूबाजूच्या उपकथा करत गेलात तर १०० च्या पुढे जाता.

आता हिशेब करा. संसारी माणसाला रोज पाऊण तास मिळतो, तोही आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याला पावणेचार तास. शंभर तासांना २७ आठवडे. गणपतीत सुरू केलेला खेळ होळीला संपणार! मध्ये दिवाळी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, कोणाचे आजारपण. सहा महिने सलग चालणारी करमणूक आपण दुसरी कुठली करतो?

एवढा लांब खेळ करतात तरी कशासाठी? कारण घेणारा किमतीला तासांनी भागतो. दहा तासांच्या खेळाला तो 'महाग' म्हणतो आणि शंभर तासांच्या खेळाला 'पैसे वसूल'. दुकानात आपण तास मोजून घेतो आणि घरी आल्यावर ते तास आपल्यापाशी नसतात. परिणाम सर्वांना दिसतो. स्टीम या संगणकी खेळांच्या दुकानात प्रत्येक खेळातले कोणते पदक किती टक्के लोकांनी मिळवले ते जाहीर असते. 'विचर'मध्ये सुरुवातीचे गाव ओलांडून येनेफर या नायिकेला गाठले की एक पदक मिळते आणि कथा संपवली की दुसरे. दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा खूपच खाली आहे, निम्म्यालाही पोचत नाही. बहुतेक मोठ्या खेळांची हीच गत आहे. तेव्हा मध्येच थांबणारा आपल्या घरातला मुलगा जगावेगळा नाही.

माणसे थांबतात ती बहुधा मध्यावर. सुरुवातीला दर दहा मिनिटांनी नवे काही मिळते: नवा प्रदेश, नवे हत्यार, नवा राक्षस. वीस-पंचवीस तासांनंतर खेळाचे नियम आपल्या अंगवळणी पडलेले असतात. पुढचा लांडग्यांचा कळप मागच्यासारखाच मारायचा असतो. नवेपण संपलेले आणि शेवट अजून दूर, असा तो टप्पा.

त्यात नकाशा भुलवतो. 'विचर'च्या नकाशावर जागोजाग प्रश्नचिन्हे आहेत. स्केलिगे नावाच्या बेटांभोवतीच्या समुद्रात तर चोरट्या मालाच्या पेट्यांची इतकी चिन्हे आहेत की खेळणाऱ्यांमध्ये तो थट्टेचा विषय झाला आहे. होडी हाकत जायचे, वरून झेपावणाऱ्या सायरन मारायच्या, बुडी मारून पेटी उघडायची. कथेशी याचा काही संबंध नाही. पण यादीतली प्रत्येक ओळ खोडल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माणसाचे त्यात दहा तास सहज जातात आणि तो दमतो. सिरीचा शोध राहतो बाजूला.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत मोठे वाटते: खंड पडणे. नोव्हिग्राड शहरातला एक प्रसंग सांगतो, नाटकवेड्या मराठी माणसाला तो आवडेल. तिथे गेराल्टला चक्क एक नाटक बसवावे लागते. संहिता ठरवायची, विनोदी की गंभीर ते निवडायचे, रस्त्यावरचे कसरतपटू गोळा करायचे आणि स्वतः रंगमंचावर उभे राहायचे. कशासाठी? डुडू नावाचा रूप पालटणारा प्राणी लपून बसला आहे, त्याला बाहेर काढण्यासाठी. डुडू कशाला? डँडेलियन हा कवी कैदेत आहे, त्याला सोडवायला. डँडेलियन कशाला? त्याला सिरीची खबर असेल म्हणून. सलग खेळताना ही साखळी डोक्यात असते आणि मजा येते. पण मध्ये तीन आठवडे गेले, की परत आलेल्या माणसाला इतकेच दिसते की आपण एका अनोळखी शहरात उभे आहोत आणि कोणीतरी संवाद पाठ करायला सांगते आहे. कोणत्या राक्षसासाठी तलवारीला कोणते तेल लावायचे, कोणते बटण कशाचे, हे हातही विसरलेले असतात. दोनदा मार खाल्ला की तो खेळ बंद करतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा तर वीस तास गेलेले. मग तो दुसराच खेळ उघडतो, कारण मध्यंतरी सवलतीत चार नवे घेऊन ठेवलेले असतात.

जुन्या खेळांत ही अडचण उघड होती. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळ जतन करायची सोयच नव्हती. थांबताना पडद्यावर २० अक्षरांचा मंत्र येई, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी टाकायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की सारे मुसळ केरात. १९८८ च्या तिसऱ्या भागात बॅटरीवर चालणारी साठवण आली आणि मुलांची सुटका झाली. आज यंत्र सगळे लक्षात ठेवते, पण खेळणाऱ्याचे विसरणे तसेच आहे. म्हणून 'विचर'मध्ये जतन केलेला खेळ उघडताना डँडेलियनच्या आवाजात मागील कथा ऐकू येते आणि २०१७ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ११'मध्येही 'आतापर्यंतची गोष्ट' दाखवतात. करणाऱ्यांना दुखणे माहीत आहे.

आणखी एक कारण कोणी मोकळेपणी बोलत नाही. काहींना शेवट नकोच असतो. ऐंशी तास ज्यांच्या सोबतीने काढले ती माणसे उद्यापासून नसणार, म्हणून ते शेवटच्या मोहिमेच्या उंबरठ्यावर खेळ ठेवून देतात.

मग करावे काय? आपल्याकडे लांब गोष्टी पुऱ्या करण्याची चांगली रीत आहे. गुरुचरित्राचा सप्ताह आठवा. कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत वाचायचे ते ठरलेले, घरातल्या सर्वांना ते माहीत आणि शेवटी सांगता. नाटकाच्या तालमीला आपण दमून-भागून येतो, कारण बाकीची मंडळी वाट पाहत असतात. पारायणाची श्रद्धा खेळात आणा असे आम्ही म्हणत नाही. रचना तेवढी घ्यावी.

घड्याळाकडे पाहून न थांबता प्रसंग संपला की थांबावे. उठण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहाव्यात: कुठे आहोत आणि कशासाठी. प्रश्नचिन्हांचा मोह सोडावा. लढाई जड जात असेल तर खेळ सोपा करून घ्यावा. 'विचर'मध्ये केवळ कथेसाठी खेळणाऱ्यांची वेगळी पातळीच दिली आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही. एखादा मित्र तोच खेळ त्याच सुमारास खेळत असेल तर उत्तम, टेबलाभोवतीची सोबत थोडीफार परत मिळते. ज्यांना वेळच नाही त्यांनी लहान खेळ निवडावा. १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' वीस-पंचवीस तासांत संपतो आणि आजही नावाजला जातो.

आणि सोडायचा असेल तर ठरवून सोडावा. 'विचर'मध्ये वेलेन प्रांतातल्या दारुड्या बॅरनची कथा आहे. त्याच्या मारहाणीला कंटाळून बायको आणि मुलगी घर सोडून गेल्या आहेत आणि तो त्यांना शोधायला आपल्याला विनवतो. ती शोककथा बऱ्याच आधी येते आणि स्वतःपुरती पूर्ण आहे. तेवढे खेळून जो थांबला, त्याच्या पदरात एक संपूर्ण गोष्ट पडली आहे.

तरीही ज्यांना जमेल त्यांनी पुढे जावे. कारण सिरीचे शेवटी काय होते, हे तलवारबाजीवर ठरत नाही. ते उत्तरार्धातल्या काही लहान प्रसंगांवर ठरते. ती खचलेली असताना गेराल्ट तिला "सगळेच जमायला पाहिजे असे नाही" म्हणतो, की बाहेर नेऊन तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळतो? मोठ्या लोकांपुढे ती बोलायला निघाली, तर तो सोबत आत शिरतो, की तिला एकटीला जाऊ देतो? वयात आलेल्या मुलीवर बाप किती विश्वास टाकतो, एवढाच प्रश्न असतो. त्यावरून ती जगते की जाते, हे ठरते. मध्यावर थांबलेल्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही, ही खरी हळहळ आहे.

म्हणून पालकांना आणि आजी-आजोबांना एक विनंती. घरातला मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर "संपला का एकदाचा?" असे विचारू नका. "गोष्ट कुठवर आली?" असे विचारा. सांगता सांगता त्यांना धागा सापडेल, पुढे खेळावेसे वाटेल, किंवा पुरे झाले हेही कळेल. आणि आपल्यालाही एक गोष्ट ऐकायला मिळेल.



गणपती बाप्पा मोरया!