सखी म्हटलं की मजुरी विचारायची नाही?



अंगणवाडीची 'ताई' झाली, 'आशा' झाली. आता 'कृषी सखी'. नावं गोड असतात, आणि सखीनं पैशाचं बोलायचं नसतं!

18 जून 2024 रोजी वाराणसीला बचत गटांतल्या 30 हजारांहून जास्त बायांना कृषी सखीची प्रमाणपत्रं दिली गेली. पहिल्या टप्प्यातल्या 12 राज्यांत आपलं महाराष्ट्रही आहे. प्रशिक्षण 56 दिवसांचं. मातीचा नमुना घेणं, जीवामृत करणं, बियाणं राखणं, जनावरांची निगा. मग बांधावर जाऊन हेच शेतकऱ्यांना शिकवायचं. म्हणजे काम कृषी खात्याचंच. पण खात्याचा माणूस पगारावर आणि ही मानधनावर.

सरकार सांगतं, वर्षाला सरासरी 60 ते 80 हजार रुपये 'मिळू शकतात'. 'शकतात' हा शब्द नीट ऐका. बाराने भागा. महिन्याला 5 हजार ते साडेसहा हजारांच्या आसपास. यातून एस.टी.चं भाडं, मोबाईलचा रिचार्ज आणि स्वतःचा बुडालेला रोज वजा करा. बहुतेकींच्या नावावर सातबाराही नाही, आणि त्या दुसऱ्याच्या जमिनीचा कस तपासायला निघाल्या आहेत.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा त्यांचं मानधन हे वेतनच मानलं. तो निकाल सख्यांचा नाही, पण वाट तीच आहे. म्हणून आपापल्या तालुक्यातल्या सख्यांना एकत्र बसवा. प्रत्येकीनं महिनाभर वही ठेवावी : किती तास, किती बांध, किती खर्च, हातात किती आले. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊनच या.