जुलै महिना आणि मुंबई विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाच्या जन्मकथेत जुलै महिना दोनदा येतो. १९ जुलै १८५४ रोजी ब्रिटिश मंत्री चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. लंडनच्या धर्तीवर इथेही विद्यापीठे काढावीत, असे त्यात सुचवले होते. पुढे १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. तेव्हा उठावामुळे दिल्लीत लढाई पेटलेली, आणि सरकार परीक्षांचे नियम ठरवतंय! गंमत म्हणजे, नव्या विद्यापीठाला ना स्वतःची इमारत होती, ना वर्ग. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर उभा राहिला तो १८७८ मध्ये.