पदवी आणि उमेदवारी
(अकोला येथील पालकसभेत केलेले भाषण)



दहावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : कोणत्या कॉलेजात नाव घातले? ज्याचा मुलगा आय. टी. आय. मध्ये गेला तो बाप खाली मान घालून उत्तर देतो. शिकणे म्हणजे बी. ए. होणे, अशी आपली समजूत झाली आहे.

ती का रुजली हे मी जाणतो. ज्यांच्या वाडवडिलांच्या गळ्यात जन्माने काम बांधले गेले, त्यांना अंगमेहनतीचा तिटकारा यावा हे स्वाभाविकच होय. परंतु गावकीची कामे निराळी आणि कारखान्यातील कसब निराळे. कसबाचे काम आपल्या वाट्याला येऊच दिले गेले नव्हते! मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. पण धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, त्याने सूत बाटते, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याची दारे बंद होती. म्हणजे विटाळ कामाला नव्हता. चांगल्या मजुरीच्या कामाला आपला विटाळ होता.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलांना एक निवेदन सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणाची सोय मागितली. आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळविलेल्या या पुरुषाला उमेदवारी हलकी वाटली नाही.

आज ती मागणी कायद्यात उतरली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराचा करार नोंदवावा लागतो, त्याला विद्यावेतन द्यावे लागते, मुदतीअखेर परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. १९७३ च्या दुरुस्तीने या जागांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आल्या. केंद्राच्या सवलती बौद्धांना मात्र १९९० पर्यंत नव्हत्या, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे भाग आहे.

या जागा दूर नाहीत. अकोला व बडनेरा ही स्थानके रेल्वेच्या भुसावळ विभागातील. भुसावळच्या कारखान्यांसाठी मध्य रेल्वे उमेदवार घेते. दहावीचे व आय. टी. आय. चे गुण पाहून यादी लागते, अनुसूचित जातींच्या अर्जदाराला फी नाही. पुढे रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत अशा प्रशिक्षितांना २० टक्के जागा ठेवल्या जातात. पारसचे वीजकेंद्र, महावितरण, एस. टी. यांकडेही लक्ष ठेवावे, आणि मुलींसाठीही ठेवावे. वायरमनचे काम मुलीचे नव्हे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत!

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. उमेदवारी संपली म्हणजे नोकरी मिळालीच, असे कायदा म्हणत नाही; आणि उमेदवाराला स्वस्त मजूर समजणारे मालकही आहेत. म्हणून करार नोंदला गेला आहे काय, हे पहिल्या महिन्यातच विचारा. दुसरे असे की, “तुमच्या मुलांना कॉलेज कशाला? हातात पाना द्या,” असा उपदेश स्वतःची मुले विद्यापीठात धाडणारा कोणी करू लागला, तर त्याचे मुळीच ऐकू नका. बुद्धिमान मुलाला अमरावतीच्या विद्यापीठात काय, परदेशीही पाठविलेच पाहिजे. उमेदवारीची वाट ही त्याला अडविण्यासाठी नाही. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. तेव्हा पुढील शिक्षणाचे दारही उघडेच राहते.

शेवटी दाखल्याविषयी. केंद्राच्या भरतीत नुसते “बौद्ध” लिहिलेला दाखला अडतो. केंद्राच्या नमुन्यात मूळ जातीचा उल्लेख लागतो. जी जात आपण टाकली तिचे नाव कागदावर पाहणे मनाला बोचते, मलाही बोचते. परंतु त्यापायी मुलाची जागा घालवू नये. आय. टी. आय. चा निकाल लागण्यापूर्वीच हा दाखला काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर मुदत फार थोडी उरते.