हजेरी क्रमांक २३



‘तुझ्या कामाबद्दल थोडं बोल’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. पण मघाशी बाईंनी जुना हजेरीपट वाचला, २३ पुकारलं आणि माझ्या तोंडून आपसूक ‘हजर’ निघालं. म्हटलं, चला, क्रमांकांबद्दलच बोलू.

संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजे आमच्या भाषेत प्रोसेसला, ऑपरेटिंग सिस्टिम एक क्रमांक देते. प्रोसेस थांबवायची तर तो क्रमांक सांगायचा. पण प्रत्येक सिस्टिमचा हजेरीपट निराळा. लिनक्स आणि मॅक हे युनिक्स घराण्यातले. तिथे क्रमांक ज्या प्रकारात ठेवतात त्यात ऋण संख्याही बसते. विंडोजवर ३२ बिटांचा, ऋण नसलेला. विंडोजचे क्रमांक चारच्या पटीत दिसतात, पण ते तसेच राहतील असं समजून चालू नये.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला दोन्हीकडे चालेल असा प्रोग्राम लिहायचा होता. मी क्रमांक साध्या पूर्णांकात ठेवला, आणि ‘प्रोसेस अजून सुरूच झालेली नाही’ हे दाखवायला उणे एक. विंडोजवर काही बिघडलं नाही. असा क्रमांक नाही, एवढंच उत्तर आलं. युनिक्सवर मात्र ‘थांबव’ या आज्ञेला उणे एक दिलं, तर त्याचा अर्थ होतो: तुला अधिकार आहे त्या सगळ्यांना थांबव! चाचणीच्या यंत्रावर आम्ही सगळे एकच खातं वापरायचो. एका सहकाऱ्याची दोन दिवस चाललेली चाचणी त्यात गेली. तो काही बोलला नाही, डबा उघडून जेवायला बसला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तो माझा अडाणीपणा होता. खरी मेख वेगळीच आहे. प्रोसेस संपली की तिचा क्रमांक पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. लिनक्सवर ही क्रमांकांची मर्यादा पूर्वापार ३२७६८. ६४ बिटांच्या यंत्रावर ती ४१ लाखांच्या वर नेता येते, तरी फेरा कधीतरी पूर्ण होतोच. आज आपल्या वर्गात जाऊन २३ पुकारलं, तर भलतीच मुलगी ‘हजर’ म्हणेल. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या जुन्या क्रमांकावर विसंबून थांबवायला गेलं, की नेमकं हेच होतं.

शाळेनं यावर उपाय केलेला आहे. दाखल्यावर हजेरी क्रमांक नसतो, जनरल रजिस्टरचा नंबर असतो, आणि तो पुन्हा कुणाला देत नाहीत. प्रोसेसला असा नंबर सहसा नसतो, म्हणून आम्ही क्रमांकाच्या जोडीला ती सुरू झाल्याची वेळ ठेवतो. ती लिनक्सही सांगतं, विंडोजही. स्वतः सुरू केलेली प्रोसेस असेल तर आणखी सोपं. विंडोजवर तिचं ‘हँडल’ हातात धरून ठेवलं, तोवर तिचा क्रमांक दुसऱ्याला जात नाही. युनिक्सवर पालक प्रोसेसनं चौकशी करेपर्यंत संपलेल्या लेकराचं नाव पटावर राहतं. (अशा लेकराला झॉम्बी म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही!) लिनक्सनं २०१९मध्ये हँडलसारखीच सोय केली. जावामध्ये तर २०१७पर्यंत स्वतःचा क्रमांक विचारायचीही सरळ सोय नव्हती. एका लांबलचक नावातून आम्ही तो कापून काढायचो.

आता मी क्रमांकासाठी वेगळा प्रकारच करते. आत ६४ बिट, म्हणजे दोन्हीकडचे मावतात. त्यावर बेरीज-वजाबाकी नाही. दोन क्रमांक सारखे आहेत का, एवढंच विचारता येतं. ‘प्रोसेस नाही’ ही वेगळी स्थिती, संख्या नव्हे. आणि शून्य किंवा ऋण संख्या आली तर थांबवायची आज्ञा पुढे जातच नाही. ही शेवटची ओळ मी त्याच रात्री लिहिली होती. बाकीचं कळायला आणखी काही वर्षं गेली.