ते पिस्तूल खरं होतं का?

(मार्गासनी इथं वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून.)



मला इथं बोलवलं ते कविता वाचायला. कविता नंतर वाचतो. आधी एक कोर्टाची गोष्ट सांगायची आहे. मी वकील नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईला गोदीत माल उचलतो. कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून. तारखेला खाडा पडतो, खाड्याची मजुरी कापतात, तीच माझी फी.

आमच्याकडं कामगारांच्या गटाला टोळी म्हणतात. पोलीसही टोळीच म्हणतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. एकच शब्द, गोदीच्या फाटकाच्या आत मजुराचा आणि बाहेर दरोडेखोराचा. माझी गोष्ट ह्या फाटकावरचीच आहे.

तीन वर्षं झाली. पगाराची रात्र होती. दुसरी पाळी संपवून गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्यानं चाललो होतो. रस्त्यावरचे दिवे बंद. दोघं आले. एकानं मागून गळ्याला मिठी घातली, दुसऱ्यानं पोटाला काहीतरी टेकवलं. काळं, गार. म्हणाला, "आवाज केलास तर इथंच ठोकीन." पगार गेला, मोबाईल गेला. खोटं कशाला सांगू, पाय लटपटले. दोन क्विंटलची पेटी हलवताना न लटपटलेले पाय त्या वितभर वस्तूपुढं लटपटले.

चौकीत गेलो. लिहिणाऱ्यानं विचारलं, "हातात काय होतं?" म्हणलं, "काळं होतं, लोखंडासारखं." त्यानं लिहिलं, 'गावठी पिस्तूल'. मी ते वाचलं आणि सही केली. का केली? डोक्यात राग होता. वाटलं, पिस्तूल लिहिलं तर पोलीस जोरात शोधतील. चाकू म्हणलं तर कागद फडताळात जाईल.

आठ दिवसांनी एक पोरगा धरला. एकोणीस वर्षांचा. आमच्याच मागच्या वस्तीतला, आपल्यातलाच. चेहरा मी ओळखला, त्यात शंका नव्हती. दुसरा सापडलाच नाही. मग कळलं, विटांच्या ढिगाऱ्यातून गावठी कट्टा निघाला. पंच कोण? आमच्याच टोळीतले एक म्हातारे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. कायदा सांगतो, झडतीला वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवा. साथींनो, आपण वर्षभर कुणीही नसतो. सही पाहिजे त्या दिवशी मात्र आपण प्रतिष्ठित होतो. नानांना चहा पाजला, दोन कागदांवर सह्या घेतल्या. ढिगारा नानांनी पाहिलाच नव्हता.

आता ह्या कट्ट्याची किंमत सांगतो. बाजारातली नव्हे, कोर्टातली. जबरी चोरी सिद्ध झाली तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. न्यायाधीश वय बघेल, परिस्थिती बघेल, वर्षभरही देईल. पण लुटताना प्राणघातक हत्यार वापरलं हे सिद्ध झालं, की किमान सात वर्षं. न्यायाधीशाला दया आली तरी सातच्या खाली उतरता येत नाही. माझ्या खटल्याला जुनं कलम होतं, भारतीय दंड संहितेचं ३९७. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं ३११ लागतं. आकडा बदलला, सात वर्षं तीच. शिवाय हत्यार कायदा, १९५९ चा, वेगळा. म्हणजे माझ्या फिर्यादीतल्या त्या एका शब्दावर एका पोराची सात वर्षं टांगलेली होती. आणि तो शब्द माझा नव्हताच.

कट्टा खरा आहे हे सिद्ध कसं करायचं? नुसतं टेबलावर ठेवून होत नाही. हत्यार कायद्यात अग्निशस्त्राची व्याख्या आहे: स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरानं गोळी फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं हत्यार. तर आधी जप्ती. पंचांच्या समोर वस्तू निघाली पाहिजे, जागच्या जागी लाखेचं सील लागलं पाहिजे, लेबलावर पंचांच्या सह्या पाहिजेत. मग मुद्देमालाच्या रजिस्टरात नोंद. मग न्यायवैद्यक प्रयोगशाळा. मुंबईची कालिन्याला आहे. तिथं सील शाबूत आहे का बघतात, कट्टा चालतो का ते गोळी झाडून बघतात. घटनास्थळी रिकामी पुंगळी सापडली असेल, तर तिच्या बुडावरची खूण ह्याच कट्ट्याच्या पिनेची आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली जुळवतात. विनापरवाना हत्याराचा खटला भरायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. आणि शेवटी, ज्याला लुटलं त्यानं सांगायचं, की माझ्या पोटाला लावलं होतं ते हेच.

एवढी साखळी. एक कडी तुटली की फायदा आरोपीला.

साक्षीच्या आदल्या दिवशी मला सांगण्यात आलं, "पिस्तूलच म्हण, बाकी आम्ही बघतो." रात्रभर झोप नाही. एकीकडं माझा पगार, आईची औषधं, ती भीती. दुसरीकडं सात वर्षं. कोर्टात पोराच्या वकिलानं विचारलं, "याआधी पिस्तूल कधी हातात घेतलंयस?" "नाही." "गोळी उडाली?" "नाही." "मग ते गोळी सुटणारं होतं, हे कशावरून?"

मी म्हणालो, "मला लुटलं ते ह्यानंच. पोटाला काळं, गार काहीतरी लावलं होतं. ते खरं पिस्तूल होतं का पिस्तुलासारखं, मला कळलं नाही. पिस्तूल हा शब्द मी सांगितला नव्हता. पण वाचून सही केली, ती चूक माझी."

मग नाना उभे राहिले. ढिगारा रस्त्याच्या कुठल्या बाजूला, सांगता येईना. म्हातारा घामानं भिजला. प्रयोगशाळेचा अहवाल सांगत होता की कट्टा चालतो. पण लेबलावर पंचाची सही नव्हती. कट्टा खरा, पण तो ह्या पोराचा कशावरून? ३९७ पडलं, हत्यार कायद्याचं कलमही पडलं. जबरी चोरी टिकली. पोराला तीन वर्षं झाली. माझे पैसे आजवर परत आलेले नाहीत.

बाहेर आलो तर आपलेच लोक म्हणाले, "फितूर झालास. किती घेतलेस?" च्यायला, खोटं बोललो असतो तर इमानदार ठरलो असतो. मी त्याला सोडवलं नाही. त्यानं केलं तेवढंच त्याच्या पदरात घातलं. न केलेलं, निदान मला न दिसलेलं, घातलं नाही.

कुणी म्हणेल, भीती तर खरी होती, मग पिस्तूल खरं का खोटं हा काथ्याकूट कशाला? प्रश्न रास्त आहे, जगभरच्या कोर्टांनी त्यावर डोकं खपवलंय. दिल्लीतल्या एका पेट्रोल पंपाच्या लुटीत सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली सांगितलं, की हत्यार 'वापरलं' म्हणायला गोळी झाडायची किंवा वार करायची गरज नाही, धाकासाठी उघड दाखवलं तरी वापरच. म्हणजे भीती कायद्याला कळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली बँक लुटीच्या खटल्यात गोळी न भरलेली बंदूकही धोकादायक हत्यार ठरवली. आणि इंग्लंडात एकानं जाकिटाच्या आत बोटं पुढं करून बंदूक असल्याचं भासवलं. नकली बंदूक बाळगण्याचाही तिथं गुन्हा आहे. पण २००५ साली तिथल्या सर्वोच्च पीठानं सांगितलं, माणसाची बोटं हा त्याच्या शरीराचा भाग, ती तो 'बाळगत' नाही. लुटीची शिक्षा राहिली, बंदुकीची रद्द झाली. गोऱ्याच्या बोटाचाही एवढा हिशोब होतो. आपल्या पोराच्या सात वर्षांचा का होऊ नये?

आणि हा हिशोब आपल्यालाच जास्त लागतो, हे ह्या मातीत वेगळं सांगायला नको. उमाजी नाईक इथून जवळच, भोरच्या उत्रोळीला १८३१ च्या डिसेंबरात पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फासावर गेले. इंग्रजाच्या दप्तरात ते दरोडेखोर. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढं तो आपल्याकडंही लागला. हत्यार सिद्ध करायची कटकटच नको, जात हाच पुरावा, आईच्या पोटातून आलेलं पोर आरोपी. तो कायदा १९५२ साली गेला. डोक्यातून गेला का? नाशिक जिल्ह्यात २००३ साली दरोडा, खून, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहाजण धरले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळे निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांच्यावर खटलाच भरला नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली कितीतरी फाशीच्या दोराकडं बघत. भरपाई माणशी पाच लाख. तिथं प्रश्न पिस्तुलाचा नव्हता, माणसाचा होता. पण रोग तोच: आधी आरोपी ठरवायचा, पुरावा मागून जुळवायचा.

म्हणून पोरांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. फिर्याद दिलीत तर ती वाचून घ्या; वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, प्रत फुकट मिळते. दिसलं तेवढंच सांगा. काळं दिसलं तर काळं म्हणा, पिस्तूल कोर्ट ठरवेल. पंच म्हणून बोलावलं तर जागेवर जा, वस्तू निघताना बघा, सील बघा, मगच सही करा; कोऱ्या कागदावर मेलात तरी नाही. आणि नव्या कायद्यात झडतीचं, जप्तीचं चित्रीकरण करायचंय, मोबाईलवरही चालतं. ते झालं का, हे विचारा. विचारायला वकिलीची सनद लागत नाही.

नाना आता गावी आलेत. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाले, "पोरा, जन्मभर अंगठा लावला म्हणून लोकं हसली. सही शिकलो, आणि ती अशी वापरली." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. ह्या बैठकीतून घरी जाताना तुम्ही सुचवा.

आता कविता वाचतो.