औषधदान आणि औषधाचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवानिमित्त केळवे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरेत आहारदान, अभयदान व ज्ञानदान यांच्या बरोबरीने औषधदान सांगितले आहे. म्हणूनच जेथे जेथे समाज स्थिरावला तेथे देरासर किंवा स्थानकाच्या पाठोपाठ धर्मादाय दवाखाना उभा राहिला. त्याच परंपरेने श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा कर्मादान सांगितले, आणि त्यांत विषवाणिज्याचा स्पष्ट निर्देश केला. आजचा विषय या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरचा आहे. औषध तेच असते. मात्रा, मुदत आणि हेतू बदलला की त्याचे विष होते. केळव्याच्या वाडीतील शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पानवेलीला पाणी हवेच, पण ते साचले की मुळे कुजतात.

व्यसन म्हटले की दारू, गुटखा, फार तर गर्द डोळ्यांपुढे येतो. सप्तव्यसनांचा त्याग केलेल्या घराला वाटते की हा विषय आपला नव्हे. पण झोपेची गोळी उंबरठा ओलांडते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीचा हात धरून. घरात कोणी निवर्तले, झोप उडाली, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलम लिहून दिली. पंधरा दिवस संपले. चिठ्ठी मात्र पाकिटात राहिली. सहा महिन्यांनी एका गोळीच्या दोन झाल्या. मुले मुंबईला, घरी वृद्ध आई एकटी. किंवा तारापूरच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणारा कामगार, ज्याला दिवसा झोप लागत नाही. यांतील कोणालाही 'व्यसनी' म्हटले तर तो दुखावेल, आणि त्याचे दुखावणे रास्तही आहे. शरीराला सवय जडली आहे, एवढेच त्याच्या बाबतीत खरे असते.

दुसरीकडे त्याच गोळीला मालेगावात 'कुत्ता गोळी' हे नाव पडले, आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नशेसाठी रिचवल्या जाऊ लागल्या. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, 10 ते 75 वयोगटातील सुमारे 1 कोटी 18 लाख व्यक्ती शामक औषधे वैद्यकीय कारणावाचून घेत असल्याचा अंदाज होता. अफूवर्गीय वेदनाशामकांचा गैरवापर करणारे सुमारे एक टक्का होते. अमेरिकेत हेच संकट औषधाच्या दुकानातून आणि डॉक्टरांच्या लेखणीतून पसरले. 1996 साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या निर्मात्या पर्ड्यू कंपनीने 2007 आणि 2020 अशा दोनदा न्यायालयात गुन्हा कबूल केला, तोवर असंख्य घरे उजाड झाली होती.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या 'अनुसूची एच-1' मध्ये अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल अशी औषधे आहेत. त्यांची विक्री करताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ट्रॅमाडॉल तर 2018 मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आणले गेले. समाजातील अनेक कुटुंबे औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यासाठी ही वही विषवाणिज्याच्या त्यागाचीच वही आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चिठ्ठीवाचून दिलेली एक पट्टी म्हणजे माणुसकी नव्हे, हे शेजारधर्म मोठा मानणाऱ्या लहान गावात सांगणे कठीण जाते; तरीही सांगितले पाहिजे. परंतु कायदा दुकानापर्यंत येतो. घरातील कपाटापर्यंत तो पोहोचत नाही, आणि तेथूनच समाजाचे काम सुरू होते.

हे काम कसे होऊ शकते याचा महाराष्ट्रातील मोठा दाखला पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होय. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साह्य दिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, तेथेच मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने केंद्र सुरू झाले. औषधोपचाराइतकेच तेथे गटचर्चेला, बरे झालेल्या रुग्णाने नव्या रुग्णाला हात देण्याला आणि घरी परतल्यानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट उभा राहिला. व्यसन एकाचे असले तरी सोसणारे घर सगळे असते, हे त्यामागचे साधे निरीक्षण. दान देणारा, लिहिणारा आणि उपचार करणारा अशी तिघांची सांगड येथे पडली. धर्मादाय संस्थांनी यातून हे घ्यावे की इमारतीपेक्षा पाठपुरावा अधिक खर्चिक असतो, आणि त्याची पाटी कोठेच लागत नाही.

आता एक नाजूक बाब. समाजातील व्यसनमुक्तीचे प्रयत्न बहुधा व्रताच्या मार्गाने होतात. आचार्य तुलसी यांनी 1949 साली सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनातही व्यसनमुक्त जीवनाचा नियम आहे. पर्युषणात गुरुभगवंतांसमोर हात जोडून तंबाखू सोडलेले अनेक जण या सभेत असतील. त्यांचे अभिनंदन. परंतु झोपेच्या गोळीला हा मार्ग जसाच्या तसा लावता येत नाही. अनेक महिने रोज ही गोळी घेणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली, तर हातापायांना कंप सुटतो, झोप पूर्ण उडते, भ्रम होतो आणि क्वचित फिट येऊन जीवावरही बेतते. अठ्ठाईच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वृद्ध तपस्वी असंबद्ध बोलू लागले, तर घरचे ते अशक्तपणावर घालतात. गोळी थांबल्याचा तो परिणाम असू शकतो, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. कारण ती गोळी रोज घेतली जाते हेच कोणाला ठाऊक नसते.

म्हणून तपश्चर्येच्या पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांना विचारणे, आणि रोजच्या गोळ्यांची यादी घरातील एका तरी माणसाला माहीत असणे आवश्यक आहे. शास्त्रकारांनी पच्चक्खाणात आगार ठेवले आहेत. 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हा आगार तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक देतो. ज्यांनी इतका सूक्ष्म विचार केला, त्यांच्या अनुयायांनी गोळी लपवून तप करावे, यात तपाचा गौरव नाही. अशा व्यक्तीला नियम द्यायचाच असेल, तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करत नेण्याचा द्यावा. त्याला काही आठवडे लागतील, कधी काही महिनेही. मासखमण करणाऱ्यांच्या समाजाला इतका धीर अवघड जाऊ नये.

उरलेल्या औषधांचेही तसेच. दिवाळीच्या आवराआवरीत निघालेल्या अर्धवट पट्ट्या पुष्कळ जण श्रद्धेने धर्मादाय दवाखान्यात आणून देतात. पट्टी कापलेली, मुदतीची तारीख गेलेली, त्यात कोठे झोपेची गोळी, कोठे तीव्र वेदनाशामक. ही भावना उत्तम, पण हे औषधदान नव्हे. अमेरिकेत 25 सप्टेंबर 2010 पासून अशी औषधे परत घेण्याचे राष्ट्रीय दिवस पाळले जातात. केरळ शासनाने 2025 मध्ये घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याची योजना कोझिकोडपासून सुरू केली. त्याच वर्षी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 17 औषधांची यादी दिली. डायझेपाम व ट्रॅमाडॉल त्यांत आहेत. ही औषधे घरात उरल्यास कचऱ्यात टाकू नयेत, शौचालयात पाणी सोडून वाहून घालवावीत, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती पडत नाहीत, असे त्यात सांगितले आहे. इतर औषधे मात्र पाण्यात सोडायची नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडी आणि किनारा यांचे काय होते, ते येथल्या मच्छीमारांना ठाऊक आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टला औषधपेटी ठेवायची झाल्यास ती मंडपात किंवा भोजनशाळेत नसावी. ती नोंदणीकृत फार्मासिस्टच्या ताब्यात, कुलूपबंद आणि अन्न व औषध प्रशासनाला विचारून ठेवावी. देणाऱ्याचे नाव विचारू नये. दवाखान्यातील वाटपाची वही आणि परत आलेल्या औषधांची वही शेजारी शेजारी ठेवावी, आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर दोन्ही वाचाव्यात. ज्यांना समोरासमोर बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची 14446 आणि मानसिक आरोग्याची 14416 या शासकीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहेत. हे दोन आकडे व्याख्यानगृहाबाहेरच्या फळ्यावर, पर्युषणाच्या कार्यक्रमपत्रिकेखाली, मोठ्या अक्षरांत लिहिले जावेत.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.